वर्णन पुरे, आता निवड विचारा : न्यूरोसर्जरीच्या शिक्षकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

न्यूरोसर्जरी शिकवणारे विभागप्रमुख आणि परीक्षेचे प्रश्न काढणारे माझे सहकारी यांस,

स.न.वि.वि.

‘रेट्रोसिग्मॉइड अ‍ॅप्रोचचे सविस्तर वर्णन करा.’ कानामागून मेंदूतल्या गाठीपर्यंत जायच्या वाटेवरचा (अ‍ॅप्रोच म्हणजे वाट) हा प्रश्न मी विद्यार्थी असताना सोडवला आणि परीक्षक झाल्यावर विचारलाही. याचं उत्तर सगळ्यांना येतं. कानामागे छेद, अ‍ॅस्टेरिऑनच्या अंदाजाने (ही कानामागची हाडाची खूण) बर होल म्हणजे हाडाला भोक, ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड सायनस या मोठ्या शिरांच्या कडा दिसेपर्यंत हाड काढायचं, ड्युरा म्हणजे मेंदूवरचं आवरण उघडलं की आधी सिस्टर्न या पोकळीतलं पाणी सोडायचं, म्हणजे लहान मेंदू आपसूक बाजूला होतो आणि रिट्रॅक्टरचा फारसा दाब द्यावा लागत नाही. सोबत सुबक आकृती असली की मार्क पक्के. मग याच मुलापुढे एक स्कॅन लावावा आणि विचारावं, ‘‘इथे कुठून जाशील?’’ मुलगा स्कॅनकडे कमी आणि माझ्या चेहऱ्याकडे जास्त बघतो, आणि त्याच्या विभागात जो अ‍ॅप्रोच रोज होतो त्याचं नाव घेतो. ‘‘दुसरीकडून का नको?’’ असं विचारलं की तो गप्प.

दोष त्या मुलाचा नाही. एकेक वाट आपण त्याच्याकडून घोटून घेतली, पण ती कधी धरायची आणि कधी सोडायची हे विचारायचं राहून गेलं. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

कुणाला नावं ठेवायच्या आधी माझंच सांगतो. प्रॅक्टिसच्या सहाव्या-सातव्या वर्षी माझ्याकडे एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आतलं. डावा गाल बधिर, चालताना तोल जायचा. स्कॅनमध्ये पेट्रोक्लायव्हल मेनिंजिओमा, म्हणजे कवटीच्या तळाशी मधलं क्लायव्हस हाड आणि कानाचं पेट्रस हाड मिळतात तिथली, मेंदूच्या आवरणाची गाठ, साधारण साडेतीन सेंटिमीटरचा. जवळजवळ सगळी गाठ इंटर्नल ऑडिटरी कनालच्या (सातवी-आठवी नर्व्ह जातात त्या हाडातल्या नळीच्या) वर आणि आतल्या अंगाला, ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, मागे रेटून बसलेली. दोन्ही कानांचं ऐकणं उत्तम. मी रेट्रोसिग्मॉइडने गेलो. केसपेपरवर ‘प्लॅन’ या रकान्यात माझ्या अक्षरात एकच ओळ होती : लेफ्ट रेट्रोसिग्मॉइड, एक्सिजन. कानामागची वाट माझ्या हातात बसली होती, एवढंच त्यामागचं कारण. ड्युरा उघडला तर समोर सातवी (चेहऱ्याची, फेशियल) आणि आठवी (ऐकण्याची आणि तोलाची) नर्व्ह, आणि गाठ त्यांच्या पलीकडे. मग सगळा दिवस पाचवी (चेहऱ्याच्या संवेदनेची) आणि सातवीच्या मधल्या फटीतून काम. सक्शन आत घालताना आणि बाहेर काढताना दर वेळी फेशियल नर्व्हचा मॉनिटर कुरकुरायचा. आम्ही थांबायचो, कोमट पाणी सोडायचो, पुन्हा सुरू करायचो. बरीचशी गाठ निघाली. बाईंचा चेहरा डाव्या बाजूने पडला आणि त्या कानाचं ऐकणं गेलं.

तीन महिन्यांनी त्या फॉलो-अपला आल्या तेव्हा डाव्या डोळ्यावर पट्टी होती. पाचवी नर्व्ह आधीच अधू, त्यामुळे बुबुळाला संवेदना नाही. आता पापणीही मिटेना. हे दोन्ही एकाच डोळ्यात आलं की तो डोळा टिकवणं किती जिकिरीचं असतं ते तुम्हाला सांगायला नको. सोबत आलेल्या मुलीने विचारलं, ‘‘डॉक्टर, दुसऱ्या बाजूने जाता आलं असतं का?’’ मी म्हणालो, आलं असतं. ‘‘मग तिकडून का नाही गेलात?’’ याला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नव्हतं.

इथे एक गैरसमज नको. पेट्रोक्लायव्हल गाठीला रेट्रोसिग्मॉइड चुकीचाच, असं मी म्हणत नाही. याच वाटेने जाऊन, ऑडिटरी कनालच्या वरचं हाड ड्रिल करून मेकेल्स केव्हपर्यंत, म्हणजे पाचव्या नर्व्हच्या खोबणीपर्यंत, पोहोचता येतं, हे न्यूरोसर्जन माजिद सामी यांनी दाखवून दिलेलं आहे. एखाद्याने सगळा विचार करून त्या बाईंसाठीही हीच वाट धरली असती, तर मी वाद घातला असता, पण त्याच्या हेतूबद्दल शंका घेतली नसती. माझी गोष्ट वेगळी होती. माझ्यापुढे दोन वाटा होत्या हे मला त्या दिवशी सुचलंच नाही.

सुचायला हवं होतं. १९८५ मध्ये जपानचे कावासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रेनस्टेमपुढच्या बॅसिलर धमनीच्या खालच्या भागातल्या फुग्यांसाठी पेट्रस हाडाच्या टोकाचा एक छोटा चौकोन ड्रिल करायची पद्धत लिहिली. पुढे तीच वाट या भागातल्या गाठींसाठी वापरात आली. तिने गेलं की सातवी-आठवी मागे राहतात आणि गाठ तुमच्याच अंगाला येते. शिवाय गाठीला रक्त पुरवणारा टेन्टोरियमकडचा (मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या पडद्याकडचा) भाग सुरुवातीलाच बंद करता येतो. तिची मर्यादाही स्पष्ट आहे : इंटर्नल ऑडिटरी कनालच्या खाली आणि बाहेर तिचा हात पोचत नाही. माझ्या पेशंटची गाठ त्या मर्यादेच्या आत होती. म्हणजे ज्या एका खुणेवर निर्णय फिरतो ती खूण माझ्यासमोर फिल्मवर होती, आणि मी ती वाचली नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न नेहमी एकच : नर्व्ह गाठीच्या कोणत्या अंगाला आहेत? त्या गाठीच्या पलीकडे राहतील अशा बाजूने जायचं. नर्व्ह ओलांडून गाठीपर्यंत जाणं हा शेवटचा उपाय. हे वाक्य भिंतीवर लिहिण्याइतकं सोपं आहे, आणि म्हणूनच फसवं. आठव्या नर्व्हवरचा श्वानोमा, म्हणजे नर्व्हच्या वेष्टणाची गाठ, घ्या. त्यात फेशियल नर्व्ह बहुतेक वेळा गाठीच्या पुढच्या अंगाला ताणलेली असते, म्हणून मागून गेलं तर गाठ आधी आणि नर्व्ह शेवटी भेटते. कनालमधल्या छोट्या गाठीसाठी त्याच कानात वरून, मिडल फॉसातून (टेम्पोरल लोबखालून) उतरलात, तर तीच फेशियल नर्व्ह तुमच्या आणि गाठीच्या मध्ये येऊ शकते. मग ती वाट मुळात का धरायची? ऐकणं वाचवण्याची चांगली संधी तिथे मिळते म्हणून. ट्रान्सलॅबिरिंथाइनने, म्हणजे आतल्या कानाचं हाड ड्रिल करून, गेलं तर ऐकणं निश्चित जातं, पण सेरेबेलमला (लहान मेंदूला) हात लावावा लागत नाही आणि फेशियल नर्व्ह कनालच्या टोकाशी, गाठीच्या गोंधळाआधीच ओळखता येते. कान आधीच निकामी असेल तर तो सौदा चांगला आहे; त्या कानाने पेशंट अजून फोनवर बोलत असेल तर नाही. अमेरिकेचे कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी १९६०च्या दशकात या दोन्ही वाटा मायक्रोस्कोपखाली रुजवल्या. तेव्हापासून साठेक वर्षं झाली, तरी ‘आमच्याकडे आम्ही हेच करतो’ हे उत्तर मला अजून ऐकू येतं. ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) न बघता श्वानोमाचा अ‍ॅप्रोच सांगणाऱ्याला मी तरी पास करणार नाही.

मधोमध वाढणाऱ्या गाठींना हाच नियम लावला की नाकातून घालायच्या एंडोस्कोपचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. क्लायव्हसचा कॉर्डोमा ही गाठ नोटोकॉर्डच्या (गर्भातल्या कण्याच्या पहिल्या दोरीच्या) अवशेषातून, मध्यरेषेवर येते. ब्रेनस्टेम मागे आणि बहुतेक नर्व्ह दोन्ही बाजूंना ढकलते. मग बाजूने जाऊन त्या नर्व्हच्या जाळीतून हात घालायचा, की नाकातून सरळ गाठीवर जायचं? डोळा बाहेर वळवणारी सहावी नर्व्ह मात्र या वाटेवरही डोरेलोज कनालपाशी दबा धरून बसलेली असते, हे विसरू नये. ट्यूबरक्युलम सेलीच्या (पिट्युटरीच्या खोबणीपुढच्या उंचवट्यावरच्या) मेनिंजिओमाचं गणित थोडं अवघड. ऑप्टिक कनालच्या (दृष्टीच्या नर्व्हच्या नळीच्या) आतल्या अंगाला गाठ शिरली असेल तर नाकातून ते छान मोकळं करता येतं. तीच गाठ ऑप्टिक नर्व्हच्या आणि कॅरॉटिड धमनीच्या बाहेर पसरली असेल तर नाकातून जाणारा तिथे आंधळा होतो आणि कवटी उघडणंच बरं. ऑल्फॅक्टरी ग्रूव्हच्या (वासाच्या नर्व्हच्या खोबणीतल्या) गाठीत आणखी एक मुद्दा : नाकातून गेलं की वास घेण्याची शक्ती जाते. पेशंटला अजून वास येत असेल तर ही गोष्ट त्याला आधी सांगितली का, हे तोंडी परीक्षेत विचारायला काय हरकत आहे?

आता ब्रेनस्टेमबद्दल. इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण इथे चुकीला जागाच नसते आणि तरीही आपण सर्वांत ढोबळ उत्तरं इथेच स्वीकारतो.

टू-पॉइंट मेथड सगळ्यांना पाठ आहे. फिनिक्सच्या बॅरो इन्स्टिट्यूटमधून, रॉबर्ट स्पेट्झलर यांच्या विभागातून ती आली. गाठीच्या मध्यावर एक बिंदू, गाठ जिथे पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ येते तिथे दुसरा. दोन्ही जोडून रेघ बाहेर कवटीपर्यंत न्यायची. रेघ जिथे टेकेल त्या बाजूचा अ‍ॅप्रोच. सुरुवात म्हणून ही रीत उत्तम आहे. अडचण अशी की रेघ मारणाऱ्याला ती रेघ कोणत्या उतींतून जाते याची फिकीर नसते.

एक प्रसंग सांगतो. आमच्या प्लॅनिंगच्या बैठकीत एका रेसिडेंटने पॉन्समधल्या (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागातल्या) कॅव्हर्नोमाचा, म्हणजे नाजूक रक्तवाहिन्यांच्या गुंत्याच्या गाठीचा, स्कॅन लावला. पेशंटला दोनदा रक्तस्राव झालेला, दुसऱ्यांदा दुहेरी दिसायला लागलेलं. ऑपरेशन करायचं हे ठरल्यातच जमा होतं. ‘‘सर, गाठ फोर्थ व्हेंट्रिकलच्या फ्लोअरवर आलीय, टेलोव्हेलरने सरळ वर जाऊ.’’ (फोर्थ व्हेंट्रिकल म्हणजे ब्रेनस्टेममागची पाण्याची पोकळी, फ्लोअर म्हणजे तिचा तळ; टेलोव्हेलर ही तिकडे मागून जायची वाट.) पडद्यावर एसडब्ल्यूआय होता, रक्ताचे अंश ठळक दाखवणारा एमआरआयचा सिक्वेन्स. त्यात काळा डाग खरोखर फ्लोअरला टेकलेला दिसत होता. मी त्याला टी-वन या दुसऱ्या सिक्वेन्सचे पातळ काप लावायला सांगितले. तिथे गाठ आणि फ्लोअर यांच्यामध्ये उतींचा एक पातळ पापुद्रा होता, दोनेक मिलिमीटरचा. एसडब्ल्यूआयमध्ये हिमोसिडेरिन (जुन्या रक्तातलं लोह) फुगून दिसतं आणि गाठ आहे त्यापेक्षा मोठी भासते. पृष्ठभागाशी असलेलं नातं ठरवायला तो सिक्वेन्स वापरायचा नाही. पुस्तकातलं हे वाक्य त्या मुलाने नक्की वाचलं होतं. मी विचारलं, ‘‘या दोन मिलिमीटरमध्ये काय आहे?’’ बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, ‘‘फेशियल कॉलिक्युलस.’’

म्हणजे सहाव्या नर्व्हचं केंद्र आणि त्याला वळसा घालून जाणारे सातव्या नर्व्हचे धागे. तिथे छेद घेतला तर चेहरा पडतो आणि दोन्ही डोळे त्या बाजूला वळत नाहीत. पलीकडे मिडियल लाँजिट्युडिनल फॅसिक्युलसला, म्हणजे डोळे जोडीने हलवणाऱ्या धाग्यांना, धक्का लागला तर दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ बिघडतो. क्योशिमा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याच फ्लोअरवर फेशियलच्या वर आणि खाली असे दोन त्रिकोण दाखवले, जिथून आत जाणं त्यातल्या त्यात सुरक्षित. पण ते त्रिकोण निरोगी ब्रेनस्टेमवरचे. आत गाठ असली की खुणा सरकतात. डोळ्यांना जो उंचवटा कॉलिक्युलस वाटतो तो गाठीचा फुगवटाही असू शकतो. स्टिम्युलेटरने फ्लोअरवर मॅपिंग केल्याशिवाय तिथे सुरी टेकवायची नाही.

शेवटी आम्ही बाजूने गेलो. ट्रायजेमिनल (पाचवी) नर्व्ह पॉन्समधून बाहेर पडते तिच्या आसपासचा भाग, मिडल सेरेबेलर पेडंकलच्या (पॉन्स आणि लहान मेंदू जोडणाऱ्या दांड्याच्या) कडेने. सेंटिमीटरच्या हिशेबात ही वाट लांबची होती. आत शिरल्यावर जास्त ऊती ओलांडाव्या लागल्या. पण त्या भागातली तूट मेंदू भरून काढू शकतो. पेशंटला काही आठवडे तोल सांभाळायला त्रास झाला. चेहरा शाबूत राहिला, डोळ्यांची हालचाल होती त्यापेक्षा बिघडली नाही. आणि गंमत बघा, त्या बाजूपर्यंत पोहोचायला आम्ही वापरला तो रेट्रोसिग्मॉइडच, ज्याच्या नावाने मी वर इतकं रडगाणं गायलं.

याच कारणाने, ब्रेनस्टेममध्ये शिरायच्या जागांना दिलेला ‘सेफ एन्ट्री झोन’ हा शब्द मला खटकतो. ‘सेफ’ म्हटलं की विद्यार्थ्याला ती जागा फुकट मिळाल्यासारखी वाटते. ब्रेनस्टेमच्या वरच्या भागात, मिडब्रेनमध्ये, लॅटरल मेसेन्सेफॅलिक सल्कस घ्या. हालचालीशी संबंधित सब्स्टॅन्शिया नायग्रा आणि संवेदना नेणारा मिडियल लेम्निस्कस यांच्या मधली अरुंद गल्ली आहे ती. खालच्या भागात, मेडुलाच्या मागच्या मध्यरेषेतली चीर घ्या किंवा ऑलिव्हच्या बाजूची जागा घ्या. प्रत्येक ठिकाणी काहीतरी द्यावंच लागतं. प्रश्न एवढाच, की काय दिलं आणि कुणाला विचारून दिलं. ट्रॅक्टोग्राफीने (एमआरआयवरून काढलेल्या धाग्यांच्या नकाशाने) मोटर धागे कुठे सरकलेत याचा अंदाज येतो. तो अंदाजच असतो हेही सांगायला हवं. रंगीत चित्र दिसलं की रेसिडेंटच काय, आपणही भुलतो.

व्हर्मिस (लहान मेंदूचा मधला पट्टा) दुभागून फोर्थ व्हेंट्रिकलमध्ये शिरणं तर अजूनही पाहतो मी. मुलांमध्ये त्यानंतर बोलणं बंद पडण्याचा धोका, मोठ्यांमध्ये धड सांभाळण्याची अडचण. टेला आणि इन्फिरिअर व्हेलम हे पातळ पडदे उघडून तीच जागा दिसू शकते, हे मेंदूच्या रचनेचे अभ्यासक ऱ्होटन यांच्या प्रयोगशाळेतल्या शवविच्छेदनांनी केव्हाच दाखवलंय. अ‍ॅटलसची (मानेच्या पहिल्या मणक्याची) कमान काढली तर वरचा कोनही सुधारतो. यावर अधिक लिहीत नाही. इथे वाद शिल्लक असावा असं मला वाटत नाही.

हाडं आणि शिरा यांच्याबद्दल थोडक्यात. पेट्रस हाडातून मोठी वाट काढायची ठरवलीत, पण त्या बाजूची व्हेन ऑफ लाबे (टेम्पोरल लोबची मोठी शीर) कुठे उतरते ते व्हेनोग्रामवर पाहिलं नाही, तर टेम्पोरल लोब उचलताना ती तुटू किंवा गोठू शकते. डावा लोब असेल तर पेशंटची भाषा जाते. सिग्मॉइड सायनस एकाच बाजूचा मोठा आहे का? जुग्युलर बल्ब (मानेतल्या मोठ्या शिरेचा वरचा फुगवटा) वर चढलेला आहे का? मास्टॉइडमध्ये (कानामागच्या हाडात) हवेच्या पोकळ्या किती, म्हणजे पुढे पाणी गळण्याचा धोका किती? बसवून ऑपरेशन करणार असाल तर हृदयाच्या पडद्यातलं छिद्र तपासलं का? हृदयाची तपासणी वेगळी; बाकीची माहिती सीटी आणि शिरांच्या स्कॅनवर दहा मिनिटांत मिळते. अनेक केसपेपरांवर मला एमआरआयचा रिपोर्ट दिसतो, सीटीचा उल्लेखच नसतो.

आता थोडा इतिहास, कारण सवयीची ताकद किती असते हे त्यात दिसतं. पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकामागच्या स्फिनॉइड हाडातून पहिल्यांदा काढली ती हर्मान श्लोफर यांनी, १९०७ मध्ये, इन्सब्रुकला. अमेरिकेचे नामवंत न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी ती वाट वर्षानुवर्षं वापरली आणि मग १९२०च्या दशकात सोडून कवटी उघडून जाणं पसंत केलं. त्यांच्या काळाला धरून त्यांची कारणं असतील. तेव्हा ना एमआरआय होता ना मायक्रोस्कोप. पण कुशिंग यांनी सोडली म्हणून जवळपास साऱ्यांनी सोडली. एडिंबराचे नॉर्मन डॉट यांनी ती जपली, त्यांच्याकडून पॅरिसच्या जेरार गिओ यांनी उचलली, आणि गिओंकडे शिकलेल्या ज्यूल हार्डी यांनी १९६०च्या दशकात तिला मायक्रोस्कोपची जोड दिली. एवढ्या मोठ्या माणसाच्या सावलीत एक चांगली वाट चाळीसेक वर्षं जवळजवळ मोडून पडली होती. आपापल्या विभागात आपणही लहानसे कुशिंग असतो. आपण जे करत नाही ते आपल्या मुलांना येत नाही, आणि ते नसतंच असं त्यांना वाटायला लागतं.

आजचं त्याचं रूप म्हणजे एंडोस्कोपवाले आणि मायक्रोस्कोपवाले. दोन्ही गटांच्या व्याख्यानांना बसलो आहे. एकाच गाठीच्या एकाच स्कॅनवर दोन्हीकडे टाळ्या पडतात. २००६ मध्ये नाकाच्या पडद्याचा, हडाद आणि बासागास्तेगी यांच्या नावाने ओळखला जाणारा फ्लॅप (भोक झाकायला वळवलेलं अस्तर) आला, मोठ्या एंडोनेझल ऑपरेशनांनंतर पाणी गळण्याचं प्रमाण बरंच खाली आलं आणि त्या बाजूची मोठी हरकत सैल झाली. चांगलंच झालं. म्हणून कवटी उघडणारे मागासलेले ठरत नाहीत, आणि नाकातून जाणारे प्रसिद्धीलोलुपही ठरत नाहीत. विद्यार्थ्याने दोन्हीकडे बसावं, आणि दोन्ही न येणाऱ्या प्रमुखाने ‘मला हे येत नाही’ असं त्याच्यासमोर म्हणावं. मला ते पहिल्यांदा म्हणायला फार जड गेलं. पुढच्या महिन्यात मी एक कॉर्डोमा दुसऱ्या टीमकडे पाठवला, रेसिडेंटला सोबत दिला. तो जे बघून आला ते मी त्याला शिकवू शकलो नसतो.

आता मागण्या. फार नाहीत.

एक, लेखी परीक्षेतला निम्मा भाग तरी ‘वर्णन करा’ऐवजी ‘निवडा आणि कारण द्या’ असा असावा. मार्क निवडलेल्या वाटेला कमी, नाकारलेल्या वाटांच्या कारणांना जास्त. दोन परीक्षकांची उत्तरं वेगळी आली तरी चालेल. विद्यार्थ्याचं तर्कशास्त्र तपासा.

केसपेपरवर ‘प्लॅन’ या रकान्याच्या खाली आणखी एक रकाना छापून घ्या : ‘विचारात घेतलेले इतर मार्ग आणि ते का सोडले’. माझ्या त्या एका ओळीखाली हा रकाना असता तर मला निदान पेन उचलून थांबावं लागलं असतं. आमच्याकडे आम्ही हा सुरू केला तेव्हा पहिले काही महिने सगळे ‘लागू नाही’ लिहायचे. मग मी तो रकाना रिकामा असेल तर केस ओटी लिस्टवर घ्यायची नाही असं सांगितलं. चिडले लोक. चालतं.

मॉर्बिडिटी मीटिंगमध्ये, म्हणजे बिघडलेल्या केसेसच्या बैठकीत, रक्तस्राव का झाला, इन्फेक्शन का झालं, यावर तासभर बोलतो आपण. वाट चुकली का, हे कुणी विचारत नाही. तिथे अळीमिळी गुपचिळी. वाट निवडणारे बहुधा प्रमुखच असतात, म्हणून. सुरुवात प्रमुखांनी स्वतःच्या केसने करावी. मी वर केली आहे.

आणि कान-नाक-घशाचे सहकारी ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, प्लॅनिंगच्या बैठकीला हवेत. पेट्रस हाड त्यांना आपल्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

एक राहिलं. निवडीत ‘जायचंच नाही’ ही वाटही धरा. एकदाही रक्तस्राव न झालेला, योगायोगाने सापडलेला, ब्रेनस्टेमच्या पोटात खोल बसलेला कॅव्हर्नोमा; लहान मुलाच्या पॉन्समध्ये पसरलेला ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ), जो काढायचा नसतोच, फार तर बायॉप्सी घेऊन एच-थ्री के-ट्वेन्टी-सेव्हन हा रेणूंच्या पातळीवरचा बदल आहे का ते पाहायचं असतं; वयस्कर माणसाचा छोटा, न वाढणारा श्वानोमा. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी रेडिओसर्जरीची, म्हणजे गाठीवर किरणांचा नेमका मारा करायची, कल्पना १९५१ मध्ये मांडली. ती आता इतकी रुळली आहे की तिचं नाव न घेता केलेली चर्चा अपुरी ठरावी. तरी परीक्षेत ‘ऑपरेशन करणार नाही’ म्हणणारा मुलगा घाबरट समजला जातो. मी स्वतः एकदा तसं समजलो होतो, आणि त्याचे मार्क कापले होते. तो बरोबर होता.

पुढच्या परीक्षेसाठी मी चार प्रश्न सोबत पाठवत आहे. पहिला : पेट्रोक्लायव्हल मेनिंजिओमा, सगळी गाठ ऑडिटरी कनालच्या वर, ऐकणं शाबूत, व्हेन ऑफ लाबे टेन्टोरियममध्ये लवकर उतरणारी. दुसरा : तीच गाठ, पण कनालच्या खाली दोन सेंटिमीटर उतरलेली, आणि तो कान आधीच गेलेला. तिसरा : जुग्युलर फोरामेनमधला (गिळण्याच्या आणि आवाजाच्या नर्व्ह जातात त्या कवटीच्या छिद्रातला) श्वानोमा, गिळणं आणि आवाज दोन्ही ठीक, पेशंट व्यवसायाने गायक. चौथा : पॉन्सचा कॅव्हर्नोमा, एकच रक्तस्राव, सहा आठवड्यांपूर्वी, पेशंट नव्वद टक्के सुधारलेला, टी-वनवर फ्लोअरपासून एक मिलिमीटर आत.

चौथ्याचं नमुना उत्तर मी लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. ते सोबत जोडलेलं नाही. परीक्षकांचं त्यावर एकमत झालं नाही, तरी कृपया तो प्रश्न काढून टाकू नये.

कळावे,

आपला,
रेट्रोसिग्मॉइडचं वर्णन अजूनही तोंडपाठ असलेला एक न्यूरोसर्जन